जॉन मिचेलची रोजनिशी : एका हद्दपार संपादकाचे स्वातंत्र्य आणि त्याची सीमा

जॉन मिचेल हे नाव मराठी वाचकाच्या फारसे परिचयाचे नाही. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यालाही ते बहुधा येट्सच्या ‘अंडर बेन बुलबेन’ या कवितेत ओझरते भेटते आणि तळटीप वाचून तो पुढे जातो. आयर्लंडच्या राष्ट्रीय वाङ्मयात मात्र मिचेलच्या ‘जेल जर्नल’ या ग्रंथाचे स्थान फार वरचे आहे. १९१६ च्या उठावाचा नेता आणि कवी पॅट्रिक पिअर्स याने आयरिश राष्ट्रवादाचे चार प्रमुख उद्गाते मानले. त्यांत वुल्फ टोन, टॉमस डेव्हिस आणि फिंटन लालर यांच्या पंक्तीला त्याने मिचेलला बसवले. इंग्रज सरकारने समुद्रापार धाडलेल्या या कैद्याने आपल्या बंदिवासाची जी रोजनिशी लिहिली, तिच्यावर आयरिश तरुणांच्या दोनतीन पिढ्या पोसल्या गेल्या. आणि याच माणसाने सुटकेनंतर अमेरिकेत जाऊन काळ्या माणसांच्या गुलामगिरीचे उघड, निःसंकोच समर्थन केले. या दोन गोष्टी एका माणसाच्या ठायी, आणि आमच्या मते एका ग्रंथाच्या पोटातही, कशा नांदल्या याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तुरुंगातील लेखन शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी टाळता न येण्यासारखा आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम चरित्र पाहू. मिचेलचा जन्म ३ नोव्हेंबर १८१५ रोजी उत्तर आयर्लंडातील डंगिव्हनजवळ झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. म्हणजे बहुसंख्य कॅथलिक आयर्लंडात मिचेल जन्माने प्रॉटेस्टंट, तुलनेने सुस्थित वर्गातला होता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून १८३४ साली तो पदवीधर झाला, वकील झाला, बॅनब्रिज या गावी त्याने काही वर्षे वकिली केली. १८४५ साली टॉमस डेव्हिस अकाली वारला आणि ‘द नेशन’ या ‘यंग आयर्लंड’ गटाच्या साप्ताहिकात लिहिण्यासाठी मिचेल डब्लिनला आला. याच वर्षी बटाट्यावर रोग पडला. आयर्लंडातील गरीब कुळांचे सारे जीवन या एका पिकावर उभे होते. पुढील पाचसहा वर्षांत सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि साथीच्या तापाने मेली, आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ साली सुमारे ६५ लाखांवर आली. या काळात आयर्लंडातून धान्य आणि गुरे इंग्लंडकडे रवाना होतच राहिली. खंड थकलेल्या कुळांना घरांतून हुसकून लावणेही चालूच राहिले.

मिचेलच्या मनावर या दुष्काळाचा जो आघात झाला, त्यातून तो पुन्हा कधीच बाहेर आला नाही. त्याच्या दृष्टीने पिकावरचा रोग नैसर्गिक होता, दुष्काळ मात्र राज्यकर्त्यांनी केलेला होता. हे म्हणणे त्याने पुढे ‘द लास्ट कॉन्क्वेस्ट ऑफ आयर्लंड (पर्हॅप्स)’ या ग्रंथात अत्यंत धारदारपणे मांडले. इतिहासकारांनी त्याच्या मांडणीत पुष्कळ दुरुस्त्या केल्या; तरीही आयरिश लोकमानसात दुष्काळाचे जे चित्र रुजले ते बव्हंशी मिचेलने रेखाटलेले आहे. ‘नेशन’ची भूमिका मवाळ वाटू लागल्यावर त्याने ते सोडले आणि १२ फेब्रुवारी १८४८ रोजी ‘युनायटेड आयरिशमन’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. व्हाइसरॉयला तो त्यातून जाहीर पत्रे लिही, त्याला उपहासाच्या पदव्या बहाल करी आणि सशस्त्र उठावाची भाषा आडपडदा न ठेवता करी. या पत्राचे अवघे १६ अंक निघाले.

सरकारपुढे अडचण अशी होती की, राजद्रोहाच्या जुन्या कायद्याखाली शिक्षा एकच, देहान्ताची. आणि केवळ लेखनासाठी माणसाला फासावर चढवण्यास ज्यूरी सहसा तयार होत नसे. त्यावर तोड म्हणून एप्रिल १८४८ मध्ये पार्लमेंटने नवा कायदा केला. या ‘ट्रीझन फेलनी’ कायद्यान्वये राजसत्तेविरुद्ध लिहिणे वा बोलणे हा हद्दपारीच्या शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरला. ‘फेलन’ म्हणजे चोर-दरोडेखोरांच्या पंक्तीतला गुन्हेगार. राजकीय विरोधकाला हुतात्म्याची प्रतिष्ठा मिळू नये, त्याची गणना सामान्य गुन्हेगारांत व्हावी, हा त्यातील डाव होता. या कायद्याची मराठी वाचकाला विशेष दखल घ्यावी लागते. भारतीय दंडविधानात १८७० साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने जे १२४ अ हे कलम घातले, त्याचा नमुना हाच कायदा होता. त्याच कलमाखाली १८९७ साली आणि पुन्हा १९०८ साली लोकमान्य टिळकांवर खटले झाले. १९०८ च्या खटल्यात ज्यूरीचा कौल सातास दोन असा पडला आणि टिळकांना सहा वर्षांची हद्दपारीची शिक्षा होऊन ती त्यांनी मंडालेस भोगली. मिचेलच्या ज्यूरीतून सरकारी पक्षाने कॅथलिक माणसे वेचून वगळली होती. डब्लिन आणि मुंबई यांच्यामध्ये ६० वर्षांचे आणि निम्म्या पृथ्वीचे अंतर असले, तरी संपादकाला समुद्रापार धाडण्याची सरकारी तऱ्हा एकाच घराण्यातली होती.

२७ मे १८४८ रोजी मिचेलला १४ वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावण्यात आली. लोक सुटकेचा प्रयत्न करतील या धास्तीने त्याच दिवशी त्याला ‘शीअरवॉटर’ या जहाजावर चढवून कॉर्क बंदरातील स्पाइक बेटावर नेण्यात आले. ‘जेल जर्नल’ची पहिली नोंद याच तारखेची आहे. स्पाइक बेटावरच्या पहिल्या रात्री कोठडीचे दार बंद झाल्यावर आपण रडलो, हे त्याने लिहून ठेवले आहे. मात्र हे अश्रू स्वतःच्या दैवासाठी नव्हते, हा खुलासाही लगोलग केला आहे. निवेदकाची ही लकब पुढे ग्रंथभर दिसते. दुर्बलतेचा क्षण तो लपवत नाही, पण त्याचा अर्थ लावण्याची मोकळीक वाचकाला देत नाही.

तेथून ‘स्कर्ज’ या युद्धनौकेने त्याला बर्म्युडास नेले. तेथे जुन्या, शिडे उतरवलेल्या जहाजांत कैदी कोंडलेले असत आणि दिवसा गोदीच्या बांधकामावर राबत. मिचेल सुशिक्षित, राजकीय कैदी असल्यामुळे त्याला स्वतंत्र जागा, स्वतःचे कपडे आणि पुस्तके मिळाली. दगड फोडण्याचे काम त्याच्या वाट्याला आले नाही. त्याला ग्रासले ते एकांताने आणि दम्याने. या सक्तीच्या रिकामपणात रोजनिशी फुलत गेली. तीत त्याने आत्महत्येच्या बाजूची आणि विरुद्धची कारणे वकिली थाटात तोलली आहेत, ‘अहं’ आणि ‘प्रतिरूप’ असे दोन पक्ष कल्पून स्वतःशीच वाद घातला आहे, आणि हाती आलेल्या पुस्तकांवर टीका लिहिली आहे. त्यातील मेकॉलेच्या बेकनवरील निबंधावरचा हल्ला आपल्या वाचकाने मुद्दाम पाहावा. ज्या मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाने हिंदुस्थानातील शिक्षणाला वळण दिले, त्याच मेकॉलेला मिचेल एकोणिसाव्या शतकाच्या आत्मसंतुष्टतेचा प्रतिनिधी समजतो. यंत्रे, व्यापार, सुखसोयी यांनी मानवजात पुढे जाते या श्रद्धेची तो यथेच्छ टिंगल करतो. ज्या शतकाच्या प्रगतीचे पोवाडे गायिले जात आहेत, त्याच शतकात, जगातल्या सर्वांत श्रीमंत साम्राज्याच्या अंगणात आपले देशबांधव उपासाने मेले, हा त्या टिंगलीमागचा दाह आहे. साम्राज्याच्या ‘सुधारणे’च्या भाषेवर इतकी प्रखर टीका त्या काळी फार थोड्यांनी केली असेल.

परंतु याच पानांवर दुसरेही काही आहे. आजूबाजूच्या सामान्य कैद्यांविषयी मिचेल बहुतेक ठिकाणी तिरस्काराने लिहितो. दरोडेखोरांना आणि घरफोड्यांना पोसण्यापेक्षा फासावर द्यावे, अशा अर्थाचे विचार तो मांडतो. बेकारिया, हॉवर्ड यांच्यासारख्या तुरुंगसुधारकांना तो रानटीपणाचे प्रचारक ठरवतो. दुष्काळात मेंढी चोरल्याबद्दल हद्दपार झालेल्या आयरिश पोरांविषयी त्याला कणव वाटते, पण ती आयरिश म्हणून. कैदी म्हणून कैद्याविषयी त्याला आपुलकी नाही. सरकारने त्याला ‘फेलन’ या शब्दाने गुन्हेगारांच्या रांगेत उभे केले. त्याचा सारा ग्रंथ आपण त्या रांगेतले नाही हे सिद्ध करण्यासाठी लिहिला गेला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ती रांगच अन्याय्य आहे की काय, हा प्रश्न तो विचारत नाही.

एप्रिल १८४९ मध्ये त्याला ‘नेपच्यून’ जहाजावर घालून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे पाठवण्यात आले. वाटेत ब्राझीलमधील पर्नाम्बुको बंदरी जहाज थांबले. तेथे त्याने गुलाम पाहिले. ते त्याला धडधाकट आणि आनंदी दिसले, आणि त्याच्या मनात लगेच आयर्लंडातील उपाशी कुळाशी तुलना उभी राहिली : दयाळू धन्याचा गुलाम असणे बरे की जमीनदाराच्या तावडीतले ‘स्वतंत्र’ कूळ असणे बरे? वरवर पाहता हा प्रश्न इंग्रजांच्या ढोंगावर प्रहार करण्यासाठी आहे. १८३३ साली कायदा करून गुलामगिरी बंद केल्याची शेखी मिरवणारे इंग्लंड आयर्लंडात काय करत आहे, हे त्यास दाखवायचे आहे. पण या वाक्यरचनेत गुलामाला स्वतःचे काही म्हणणे असू शकते याला जागाच उरलेली नाही. जहाजावरून पाहिलेला, दुसऱ्या कुणाचे दुःख मोजण्याचे माप म्हणून वापरलेला तो एक देह आहे. पुढे अमेरिकेत जे घडले त्याचे बीज या पानात आहे, असे आमचे मत आहे.

केप वसाहतीतील रहिवाशांनी ‘आमच्या भूमीवर गुन्हेगार उतरू देणार नाही’ असा हट्ट धरला. सप्टेंबर १८४९ पासून फेब्रुवारी १८५० पर्यंत पाच महिने ‘नेपच्यून’ किनाऱ्यासमोर नांगरून पडले. सरकारला रसद देणाऱ्यांवर बहिष्कार पडला. ज्यांच्यामुळे आपला पाय जमिनीला लागत नव्हता, त्या वसाहतवाल्यांचे मिचेलने कौतुक केले, कारण ते लंडनला झुकवत होते. अखेर जहाज व्हॅन डिमेन्स लँडकडे, म्हणजे आजच्या टास्मानियाकडे, वळवण्यात आले. नुकसानभरपाई म्हणून जहाजावरील इतर कैद्यांना सशर्त माफी देण्यात आली. अपवाद एकट्या मिचेलचा करण्यात आला. एप्रिल १८५० मध्ये तो होबार्टला उतरला, तेव्हा जवळजवळ संपूर्ण वर्ष त्याने समुद्रावर काढले होते.

येथे त्याला ‘तिकीट ऑफ लीव्ह’, म्हणजे ठरावीक तालुक्याबाहेर न जाण्याच्या वचनावर मोकळीक, मिळाली. बॉथवेल या गावी तो बालमित्र जॉन मार्टिन याच्यासह राहू लागला. जुलै १८४८ च्या फसलेल्या उठावातील विल्यम स्मिथ ओब्रायन, टॉमस फ्रान्सिस मार आदी पुढारी त्याच्या आधीच येथे आणले गेले होते. १८५१ साली पत्नी जेनी मुलांसह आली आणि मिचेल मेंढ्या पाळत संसार करू लागला. टास्मानियाच्या डोंगरांची, तळ्यांची आणि नद्यांची त्याने केलेली वर्णने ग्रंथातील सर्वांत प्रसन्न भाग आहेत. ज्या भूमीची ही वर्णने आहेत, तिच्या मूळ रहिवाशांना १८३० च्या दशकात फ्लिंडर्स बेटावर हलवण्यात आले होते. त्यांच्यापैकी जिवंत राहिलेली ४७ माणसे १८४७ साली होबार्टच्या दक्षिणेस ऑयस्टर कोव्ह येथे आणून ठेवण्यात आली. मिचेल बॉथवेलला राहत होता तेव्हा त्यांच्यातील हयात माणसे तेथेच होती. आपल्या देशात उजाड झालेली गावे मोजणाऱ्या या लेखकाने त्या उजाडपणाला आपला विषय मानले नाही.

जून १८५३ मधील त्याच्या पलायनाची हकीकत रंजक आहे. दिलेले वचन मोडून पळणे सभ्य गृहस्थाला शोभणारे नव्हते. म्हणून न्यूयॉर्कहून आलेल्या पी. जे. स्मिथ या सोबत्यासह तो भर दिवसा बॉथवेलच्या पोलीस कचेरीत गेला, आपले वचन परत घेत असल्याची चिठ्ठी त्याने मॅजिस्ट्रेटच्या हाती ठेवली, आणि गोंधळलेला अधिकारी काही करण्याच्या आत घोड्यावर बसून निघून गेला. काही आठवडे लपतछपत, वेषांतर करत काढल्यावर तो सिडनी, ताहिती, सॅन फ्रान्सिस्को या मार्गाने नोव्हेंबर १८५३ मध्ये न्यूयॉर्कला पोचला. रोजनिशीही तेथेच संपते.

‘जेल जर्नल’ जानेवारी १८५४ पासून मिचेलच्या ‘द सिटिझन’ या न्यूयॉर्कमधील नव्या पत्रात क्रमशः छापले जाऊ लागले. त्याच महिन्यात त्याच पत्रात, डब्लिनच्या एका गुलामगिरीविरोधी गृहस्थाने केलेल्या आवाहनाला उत्तर देताना, गुलाम बाळगणे हा गुन्हा नव्हे, असे त्याने जाहीर केले आणि स्वतःचाही एक मळा गुलामांसह असावा, अशी इच्छा व्यक्त केली. पुढे तो टेनेसीत गेला. १८५७ पासून ‘सदर्न सिटिझन’ या पत्रात त्याने आफ्रिकेतून गुलाम आणण्याचा बंद पडलेला व्यापार पुन्हा सुरू करावा असा प्रचार केला. यादवी युद्धात त्याने दक्षिणेची बाजू घेतली. धाकटा मुलगा विली १८६३ साली गेटिसबर्गला आणि थोरला जॉन १८६४ साली फोर्ट सम्टर येथे मारला गेला. तिसऱ्याने हात गमावला. व्हॅन डिमेन्स लँडमधील त्याचा सोबती मार याच युद्धात उत्तरेच्या बाजूने आयरिश ब्रिगेडचा सेनानी होता.

मिचेलचे चाहते येथे ‘तो काळच तसा होता’ असे म्हणतात. हा बचाव टिकणारा नाही. त्याच आयर्लंडचा सर्वमान्य पुढारी डॅनियल ओकॉनेल गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता. गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस १८४५ साली आयर्लंडला आला, तेव्हा डब्लिनमध्ये त्याने ओकॉनेलचे भाषण ऐकले. म्हणजे दुसरा आवाज मिचेलच्या कानांवर होता; त्याने तो नाकारला. आर्थर ग्रिफिथने १९१३ च्या आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत तर बचावाचीही गरज मानली नाही. आयरिश राष्ट्रवाद्याने काळ्या माणसाला समान हक्कांचा मानलेच पाहिजे असे नाही, अशी त्याची भूमिका होती.

आमच्या मते मिचेलच्या विचारात विसंगती नाही, आणि चिंतेची बाब हीच आहे. कार्लाइल हा त्याचा आवडता लेखक. समता, परोपकार, प्रगती हे शब्द म्हणजे दुकानदारी संस्कृतीचे मुखवटे, ही कार्लाइलची शिकवण त्याने आत्मसात केली होती. इंग्रज माणूस मानवतेच्या गप्पा मारतो आणि आयर्लंड उपाशी मारतो. म्हणून मानवतेच्या गप्पाच खोट्या, असा निष्कर्ष त्याने काढला. शत्रूचे ढोंग उघडे करता करता, ज्या मूल्याचे ढोंग चालले होते ते मूल्यच त्याने फेकून दिले. त्याचे स्वातंत्र्य हे राष्ट्राचे स्वातंत्र्य होते, माणसाचे नव्हते. साम्राज्याला उत्तर देणाऱ्या कोणत्याही वाङ्मयात ही वाट फुटण्याचा संभव असतो, आणि ती वाट उत्तम, ओजस्वी गद्यातून जाते तेव्हा वाचकाला तिचे वळण कळतही नाही.

१८७५ साली मिचेल मायदेशी परतला. टिपररीच्या मतदारांनी त्याला बिनविरोध पार्लमेंटवर निवडून दिले; शिक्षा पुरी न केलेला ‘फेलन’ म्हणून निवड रद्द झाली; मतदारांनी त्याला पुन्हा निवडले. २० मार्च १८७५ रोजी न्यूरी येथे तो वारला. त्याच्या अंत्ययात्रेला गेलेला जॉन मार्टिन आजारी पडून नऊ दिवसांनी गेला. न्यूरीत मिचेलचा पुतळा आहे. २०२० साली तो हलवावा अशी मागणी झाली आणि वाद माजला.

पुतळ्याचे काय करावे हे न्यूरीकरांनी ठरवावे. ग्रंथाचे काय करावे हे मात्र आपल्याला, वर्गात शिकवणाऱ्यांना, ठरवावे लागते. तुरुंगातील लेखनाकडे आपण बहुधा भक्तिभावाने पाहतो. ‘माझी जन्मठेप’ १९२७ साली प्रसिद्ध झाली तेव्हापासून मराठीत या वाङ्मयाची स्वतंत्र परंपरा आहे, आणि लेखकाने भोगलेले कष्ट हेच त्याच्या विचारांचे प्रमाणपत्र मानण्याची सवयही आपल्याला आहे. मिचेल वाचताना ही सवय बाजूला ठेवावी लागते. कष्ट खरे असतात, अन्याय खरा असतो, गद्य अस्सल असते, आणि तरीही लेखकाची दृष्टी स्वजनांच्या कुंपणाशी थांबलेली असू शकते.

याला एक पूरक वाचन आम्ही सुचवू. १७८८ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियात सुमारे १,६२,००० कैदी उतरवले गेले. त्यांपैकी सुमारे ४०,००० थेट आयर्लंडातून आले. त्यांतील फार थोड्यांनी काही लिहिले. उरलेल्यांची नोंद सरकारी वह्यांत आहे : नाव, वय, उंची, डोळ्यांचा रंग, धंदा, गुन्हा, अंगावरच्या खुणा. ऑस्ट्रेलियातील या दप्तरांना २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतीपटावर स्थान मिळाले. ‘जेल जर्नल’चे एक पान आणि या वहीतले एक पान विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवावे. एका पानावर बोलणारा ‘मी’ आहे. दुसऱ्यावर जिचे वर्णन आहे, ती व्यक्ती एक शब्दही बोलत नाही. मिचेलने ज्यांच्यापासून स्वतःला वेगळे काढले, ती माणसे त्या दुसऱ्या पानावर आहेत. पहिले पान नीट वाचता यावे म्हणून दुसरे वाचले पाहिजे.